चौथी रेघ

दुपारची गर्दी ओसरल्यावर येणारं गिऱ्हाईक एकतर फार भुकेलेलं असतं, नाहीतर फार रिकामं. खिडकीजवळच्या टेबलावर बसलेला माणूस मात्र तिसऱ्याच प्रकारचा निघाला. त्याने ताटातला माशाचा तुकडा काट्याने उचलला, उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि खायचं सोडून त्याच्याकडे बघत बसला.

गल्ल्यावर बसलेली धाकटी ते बघत होती. घरात आणि हॉटेलात तिला सगळे धाकटीच म्हणत. थोरली कोण, ते पुढे येईलच. गेले काही महिने भरलेली ताटं आतून बाहेर जायची आणि त्यातली काही तशीच आत परत यायची. त्यामुळे ताटाकडे जरा जास्त वेळ बघणारा कुणीही दिसला की तिला धास्ती वाटे. ती उठली, ओढणी सारखी केली आणि त्या टेबलापाशी गेली.

“काय झालं? केस वगैरे निघाला का?”

“नाही, नाही.” त्याने वर बघितलं. डोळे शांत होते, आणि जरा जास्तच काळे. “चौथी रेघ नाहीये.”

“काय नाहीये?”

“रेघ. हे बघा, भाजल्याच्या रेघा. ही पहिली, ही दुसरी, तिसरी जरा तिरकी गेलीय. आणि इथे चौथी हवी होती, तर नुसती सावली पडलीय.”

“आमच्याकडे मासा मिळतो,” धाकटी म्हणाली. “आखीव कागद हवा असेल तर पलीकडे वह्यापुस्तकांचं दुकान आहे.”

तो हसला नाही. पलीकडच्या दुकानाचा विचार करत असल्यासारखी त्याने मान हलवली. मग तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला.

“मासा उत्तम आहे. म्हणून तर नवल वाटतंय. इतक्या वाकड्या ग्रिलवर इतका चांगला मासा भाजतं कोण?”

खरं तर तिने चिडायला हवं होतं. पण ‘उत्तम’ हा शब्द त्या चार भिंतींत फार दिवसांनी उच्चारला गेला होता, आणि तोही इतक्या सहज… की चिडायचं राहूनच गेलं.

“माझे बाबा,” ती म्हणाली.

“मागची डावी बाजू जाळते आणि पुढची उजवी गार पडते. बरोबर?”

“तुम्ही आत डोकावलात?”

“ताटात डोकावलो.”

त्याने खिशातून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. हॉटेलांच्या स्वयंपाकघरात लागणारी यंत्रं बनवणारी कुठलीशी कंपनी, आणि खाली ‘तांत्रिक सल्लागार’. अशा कंपन्या जुनी यंत्रं तपासायला सल्लागार फुकट पाठवतात, आणि तपासणी कितीही काळजीपूर्वक झाली तरी सल्ला एकच निघतो. तो खरं तर समोरच्या काचेच्या हॉटेलवाल्यांकडे आला होता. तिथला मॅनेजर दिलेली वेळ विसरून बाहेर गेला होता, म्हणून हा इकडे जेवायला आला. त्या मॅनेजरला वेळ पाळता आली असती तर ही गोष्ट घडलीच नसती. आळसाचेही काही उपकार असतात.

“म्हणजे आता तुम्ही म्हणणार, नवी घ्या.”

“कसं ओळखलंत?”

“कार्डाच्या मागे छापलंय. तुमच्या नावापेक्षा मोठं.”

“माझी आई म्हणते,” तो तितक्याच गंभीरपणे म्हणाला, “याला सुट्टीत फार दिवस घरी ठेवला तर हा मलाही बदलून घ्या म्हणेल.”

धाकटी हसली. हसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण हसलो. मग ती घाईघाईने पाण्याचा जग भरायला गेली, जो भरलेलाच होता.

तिचं हसू इतकं महाग का झालं होतं, ते सांगायला हवं. धाकटीच्या जन्माआधी बाबांनी बिडाची एक लांबरुंद ग्रिल आणली. ती आली, मांडली गेली, तापली आणि तिच्यावर घर चालू लागलं. पुढे मुलगी झाली तेव्हा कुणीतरी विचारलं, “पहिलीच का हो?” बाबा म्हणाले, “नाही, ही धाकटी. थोरली आत उभी आहे.” तेव्हा आई खूप हसली होती म्हणतात. धाकटी शाळेत असतानाच आई गेली, पण ते नाव राहिलं.

आता थोरली थकली होती. मासा एका बाजूने करपून निघे, दुसऱ्या बाजूने कच्चा राही. गिऱ्हाईकं आधी कुरकुरली, मग गप्प झाली, आणि गप्प झालेलं गिऱ्हाईक समोरच्या काचेत दिसू लागतं. आत्या, म्हणजे बाबांची बहीण, भाज्या चिरता चिरता रोज म्हणे, “भंगारात दे रे ती. माणसं जातात, लोखंडाचं काय घेऊन बसलास?” आणि बाबा शांतपणे म्हणत, “तिला नीट करा. ती गेली तर मीही ॲप्रन उतरवला म्हणून समजा. परक्या ग्रिलपुढे उभं राहायचं माझं वय नाही.” ते हे रागावून म्हणाले असते तर बरं झालं असतं. रागाचं माणूस विसरतं.

दोन मोठी माणसं अडून बसली की निर्णय घरातल्या धाकट्याच्या गळ्यात पडतो. थोरली ठेवावी तर हॉटेल जाणार, बदलावी तर बाबा जाणार. धाकटी रोज सकाळी शटर वर करताना ठरवायची आणि संध्याकाळी खाली ओढताना विसरायची.

म्हणून ती जग घेऊन परत आली तेव्हा म्हणाली, “एकदा… बघाल का तुम्ही तिला? पण नवी घ्या म्हणायचं असेल तर आत म्हणू नका. बाहेर येऊन मला सांगा.”

त्याने ताट संपवलं आणि बाह्या वर सारल्या.

आत बाबा हाताची घडी घालून उभे होते. “कोण आलंय?”

“सल्लागार आहेत बाबा.”

“कसला सल्ला देतात?”

“स्थळ आणलंय का?” कोपऱ्यातून कांदा चिरणाऱ्या आत्याने विचारलं.

“ग्रिल बघायला आलेत, आत्या!”

“असं होय. बरोबर आहे. आधी थोरलीचं व्हायला हवं.”

धाकटीचे कान तापले. सल्लागार एकदम खाली वाकून ट्रेमध्ये काहीतरी शोधू लागला. ट्रेमध्ये तेलाशिवाय काही नव्हतं.

त्याने पावाचे काप मागवले आणि पेटत्या ग्रिलवर एकाला एक लावून पसरले. कुठे किती आच आहे ते पाव न लपवता सांगतो, असं तो म्हणाला. बाबांना हसू आलं. ते ग्रिलकडे पाठ करूनच बोलू लागले, “त्याला पाव कशाला हवा? मागे डावीकडे कोळसा होतो. तिथे मी नुसतं पातेलं उकळायला ठेवतो. मधल्या पट्ट्यांवर मासा. पुढे उजवीकडे झालेलं सरकवायचं, गरम राहतं आणि करपत नाही. आणि ही पुढची कडेची पट्टी तर कोमटसुद्धा नसते. तिच्यावर माझा हात असतो.” एवढं बोलून ते वळले आणि धगधगत्या ग्रिलच्या पुढच्या पट्टीवरून, लेकराच्या डोक्यावरून फिरवावीत तशी, त्यांनी बोटं फिरवली.

सल्लागाराने काप उलटले. बाबा म्हणाले होते तसंच, अगदी तसंच होतं. मागचे काप काळेकुट्ट, पुढचे पांढरेफटक.

“काका, तुम्ही तर न बघता सांगितलंत!”

“त्यात बघायचं काय?” बाबा म्हणाले.

सगळ्यांनी हा त्यांचा अभिमान समजला. धाकटीला हे वाक्य पुढे फार दिवस आठवत राहिलं.

मग सल्लागाराने पट्ट्यांवर पान्याने टकटक करून कानोसा घेतला, बॅटरी मारून खालचे बर्नर पाहिले. निम्मी भोकं गंजाने बुजलेली, पट्ट्या मध्ये खचलेल्या, एक तर तडकलेली. कंपनीच्या पुस्तकात अशा ग्रिलसाठी फक्त एकच ओळ होती, आणि ती त्याला झोपेतून उठवलं तरी म्हणता आली असती.

“नवीच ना?” आत्याने सुरी थांबवून विचारलं.

सल्लागाराने थोरलीकडे बघितलं. मग त्याची नजर धाकटीकडे गेली. ती एक स्वच्छ ताट पुन्हा पुन्हा पुसत होती, आणि पुसताना तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

“दुरुस्त होईल,” तो म्हणाला.

हे ऐकून सगळ्यात जास्त धक्का त्यालाच बसला.

दाराबाहेर धाकटी म्हणाली, “तुम्ही तर नवी म्हणणार होतात.”

“हो.”

“मग?”

“तुम्हीच म्हणालात, आत म्हणू नका.”

“आता तर बाहेर आहोत.”

तो आपल्या गाडीकडे निघाला होता. थांबला. “बाहेर येईपर्यंत… विसरलो.”

सोमवारी हॉटेल बंद असे. त्या आणि पुढच्या काही सोमवारी तो आला. बिडाच्या नव्या पट्ट्या त्याने ओतकाम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून ओतून घेतल्या. चौकट दोन ठिकाणी सांधली. बर्नरची भोकं मात्र हातानेच मोकळी करायची होती, तारेने, एकेक करून. मागच्या अंगणात पत्र्याखाली दोन क्रेट उलटे टाकून दोघे बसत. पत्र्यावर पाऊस कधी वाजे, कधी थांबे. थांबला की दोघांच्या तारांचं खरखरणं ऐकू येई.

“तू ते एक भोक सोडलंस,” तो एकदा म्हणाला, आणि लगेच दचकला. “म्हणजे… तुम्ही. सोडलंत.”

“तू म्हटलं तरी चालेल.”

“मला?”

“मी तुम्हाला नाही हो! तुम्ही मला.”

“मग तू मला काय म्हणणार?”

“सल्लागार.”

“हे जरा लांब पडतं.”

“मग जवळचं काहीतरी कमवा,” धाकटी म्हणाली आणि बर्नरमध्ये डोकं घातलं.

थोड्या वेळाने तिनेच विचारलं, “तुम्ही सगळ्यांनाच बदला म्हणून सांगता. खरंच तसं वाटतं तुम्हाला?”

तो बराच वेळ तार फिरवत राहिला. “बदलणं सोपं असतं. बघावं लागत नाही. दुरुस्त करायचं म्हटलं की नीट बघावं लागतं. आणि नीट बघितलं की…”

“की?”

“की मग सोमवारची वाट बघावी लागते.”

पाऊस नेमका त्याच वेळी थांबला. धाकटीच्या गालावर काजळी लागली होती. त्याने ती पुसायला हात उचलला आणि पाहिलं, तर हात तिच्या गालापेक्षा कितीतरी काळा. प्रेमकथेत अशा वेळी नायकाच्या खिशातून रुमाल निघतो. याचा रुमाल बर्नरमध्ये अडकून फाटला होता. त्याने हात तसाच खाली घेतला. पण तिने मान मागे घेतली नव्हती… हे दोघांनाही दिसलं.

बाबा मधूनमधून दारात येत. “झालं का?” असं विचारत, तेही मोरीकडे तोंड करून, जिथे कुणीच बसलेलं नसे. धाकटीला वाटे, रुसलेत, इकडे बघायचं नाहीये त्यांना. अलीकडे ते तऱ्हेवाईक झालेच होते. मिठाचा डबा वीतभर सरकला तरी घर डोक्यावर घेत. ऑर्डरची चिठ्ठी हातात दिली की म्हणत, “तूच वाच. अक्षर आहे की कोंबडीचे पाय!” म्हातारपणी माणसं अशीच होतात, असं आत्या म्हणे, आणि आत्याचं वय बाबांपेक्षा जास्त असल्यामुळे कुणी वाद घालत नसे.

शेवटच्या सोमवारी थोरली पेटली. या टोकापासून त्या टोकापर्यंत निळी, एकसारखी ज्योत. सल्लागाराने पुन्हा पाव पसरले. सगळे काप सोनेरी झाले, एकही उणा नाही की जास्त नाही. आत्याने टाळी वाजवली. वाकडं सरळ केलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जो उजेड येतो तो सल्लागाराच्या चेहऱ्यावर होता, आणि धाकटी पावाकडे बघायचं सोडून तोच बघत होती.

“काका, बघा ना!”

बाबांनी हात पुढे केला. पट्टीपासून वीतभर अंतरावर तो थांबला आणि मागे आला. “छान,” ते म्हणाले. “छान केलंत.” आणि ते आत जाऊन पडले.

मंगळवारी दुपारी हॉटेल भरलं. थोरली नीट झाल्याचं आत्याने येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं होतं. पहिलं ताट परत आलं तेव्हा धाकटीला वाटलं, एखादं जातं चुकून. मग दुसरं आलं. मग तीन एकदम आली. मासा काळा ठिक्कर. मागे डावीकडे ठेवलेल्या पातेल्यातलं पाणी नुसतंच कोमट. बाबांनी झालेलं सगळं पुढे उजवीकडे सरकवून ठेवलं होतं, नेहमीसारखं, ते गरम राहावं म्हणून. आणि तिथे ते जळत होतं. जळक्या वासात बाबा उभे होते, कपाळावर घाम, आणि चिमट्याने रिकाम्या जागेवरचं काहीतरी उलटत होते.

“बाबा, ते पुढचं काढा! जळतंय!”

बाबा गोंधळले. त्यांनी डावा हात पुढे केला आणि सवयीने कडेच्या पट्टीवर टेकवला.

ते ओरडले नाहीत. फक्त श्वास आत ओढल्याचा आवाज आला, आणि चिमटा खाली पडला. तो त्यांच्या पायाशीच पडला होता. बाबा वाकले आणि त्याला शोधू लागले. डावीकडे चाचपलं, उजवीकडे चाचपलं. भर दुपारी, वर दोन ट्यूबलाइट जळत असताना.

धाकटीने गॅस बंद केला. बाबांचा हात नळाखाली धरला. मग एक ताट त्यांच्या चेहऱ्यासमोर धरून तिने अगदी हळू विचारलं, “बाबा, यावर रेघा किती आहेत?”

बाबा ताटाकडे बघत राहिले. म्हणजे ताट जिथे असेल असं त्यांना वाटत होतं तिथे.

“कसल्या रेघा?” ते म्हणाले.

बाहेर लोक थांबले होते. आत्याने बाहेर जाऊन आज बंद आहे असं सांगितलं, आणि तेवढंच सांगितलं. आत्याने एखादी गोष्ट एका वाक्यात संपवल्याचं ते पहिलंच उदाहरण होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी फार वेळ घेतला नाही. गेलेली नजर परत यायची नव्हती. कडेकडेचं जे धुरकट दिसत होतं ते थेंब घालून जमेल तितके दिवस सांभाळायचं होतं. घरी परतल्यावर बाबा स्वयंपाकघरातल्या बाकावर बसले, बँडेज बांधलेला हात मांडीवर ठेवून.

“कधीपासून?” धाकटीने विचारलं.

“आधी चिठ्ठ्या गेल्या. मग माशाचा रंग गेला. पण थोरली होती ना. कुठे काय ठेवायचं ते हाताला ठाऊक होतं. कडेची पट्टी धरली की सगळं दिसायचं.” ते जरा थांबले. “मलाही वाटायचं, थोडं तिचं चुकतंय, थोडं माझं. तिचं नीट झालं तर माझं झाकलं जाईल.”

“मला सांगितलं का नाहीत?”

“तू मला बसवलं असतंस.”

“हो. बसवलं असतं.”

“म्हणूनच,” बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सल्लागार मागच्या दाराने शीळ घालत आला. काम पुरं झाल्यावर सोमवार नसतानाही यायचं काय कारण सांगायचं, ते त्याने वाटेत ठरवलं होतं, पण धाकटीचा चेहरा बघून ते कारण घशातच राहिलं. तिने त्याला सगळं सांगितलं, अंगणातच, उभ्याउभ्या.

“सगळं सारखं केलंत तुम्ही,” ती शेवटी म्हणाली. “त्यांना वाट दाखवणारं तेवढंच वाकडं होतं.”

तो वळला. मग गाडीकडे गेला आणि मागचं दार उघडलं. गोणपाटात गुंडाळलेल्या थोरलीच्या जुन्या पट्ट्या तिथे होत्या, सगळ्या.

“भंगारात नाही दिल्यात?”

“देणार होतो. रोज देणार होतो. पण इथल्या होत्या, म्हणून… जमलं नाही.” त्याने मान वर केली. “मी पुन्हा बिघडवून देतो तिला. होती तशी. भोकं बुजवतो, पट्ट्या बसवतो, मागची डावी जाळेल, पुढची उजवी गार पडेल. काकांचा हात जिथे होता तिथेच राहील.”

कंपनीच्या इतिहासात असा सल्ला कुणी दिला नसेल. धाकटीला हसू आलं आणि त्याच वाटेने डोळ्यांत पाणीही आलं. तिने पदराने… नाही, ओढणीने डोळे टिपले. आत्याच्या सवयी लागत होत्या.

“आम्ही सगळे ग्रिलकडेच बघत होतो,” ती म्हणाली. “ठेवू की बदलू, ठेवू की बदलू. तिच्यापुढे उभ्या असलेल्या माणसाकडे कुणी बघितलंच नाही.”

“मी माणसाकडेच बघत होतो,” तो म्हणाला. “चुकीच्या.”

दोघांच्या मध्ये ते गोणपाट होतं.

“चुकीच्या… असं नाही म्हणता येणार,” ती गोणपाटाकडे बघत म्हणाली. “पण आज जा तुम्ही. मला ठरवायचंय.”

ठरवणं कठीण होतं, कारण या वेळी चुकीची वाटच गोड होती. थोरली वाकडी झाली असती तर बाबा उद्याच पुन्हा उभे राहिले असते. हातांना सगळं दिसलं असतं. आणि मग एखाद्या दिवशी, एखाद्या भरलेल्या दुपारी, पेटलेल्या बाहीसकट…

ती सकाळी शटर वर करायला गेली, आणि त्या दिवशी ठरवलेलं संध्याकाळी विसरली नाही.

“बाबा, थोरली आता सरळच राहणार,” ती म्हणाली. “तिच्यापुढे मी उभी राहणार.”

“तू? तुला पाणी उकळता येत नाही.”

“मग शिकवा.”

“दिसत नाही मला, शिकवू कसं?”

“ते तुम्ही बघा.”

हे शब्द तोंडातून गेल्यावर तिने जीभ चावली. पण बाबा उठले, पाठीमागची गाठ सोडली, ॲप्रनची घडी घातली, उगाच जास्तीची एक घडी घातली, आणि हात पुढे केला. ती जिथे उभी होती त्याच्या जरा डावीकडे. धाकटी डावीकडे सरकली आणि तिने ॲप्रन घेतला.

पहिला मासा तिने जाळला. दुसरा फोडला. तिसरा टाकला तेव्हा बाबा स्टुलावर पाठ ताठ करून बसले होते. पाहुण्यांत बसवलेल्या माणसासारखे, अवघडलेले.

“उलट,” ते एकदम म्हणाले.

“अजून वर पांढरा आहे बाबा.”

“आवाज बदललाय. मघाशी पाणी बोलत होतं, आता तेल बोलतंय. उलट.”

तिने उलटला. रेघा लख्ख उठल्या होत्या. आत्या सुरी खाली ठेवून बघायला आली आणि काही न बोलता परत गेली. आठवडाभरात आत्या दुसऱ्यांदा गप्प बसली होती.

“आता थांब… थांब… झालं. उतरव,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज पुन्हा मालकाचा झाला होता.

सल्लागाराला तिने निरोप धाडला. जुन्या पट्ट्यांतली एकच हवी होती, पुढची, कडेची. बाकीच्यांचं काय करायचं ते त्याने बघावं. त्याने ती घासून पुसून, ग्रिलपासून दोन हात लांब, स्टुलाच्या पुढ्यात भिंतीला घट्ट ठोकून दिली. बाबांनी बरा झालेला हात पुढे केला. बोटं पट्टीवरून फिरली, मधल्या खळग्यापाशी थांबली.

“ही तीच,” ते म्हणाले.

“तीच, काका.”

बाबांनी मान दुसरीकडे वळवली. त्या मोरीकडे, जिथे कुणीच नसे.

ताटं परत येणं हळूहळू थांबलं. काचेतली माणसं सगळी परतली नाहीत, पण काही परतली, आणि त्यांच्याबरोबर काही नवी आली. मग एका दुपारी, गर्दी ओसरल्यावर, सल्लागार खिडकीजवळच्या त्याच टेबलावर येऊन बसला. धाकटीने ताट आणून ठेवलं. अंगात ॲप्रन, मनगटावर भाजल्याचा एक छोटा डाग, आणि कपाळावरची बट तिथेच चिकटलेली.

“मोजा,” ती म्हणाली.

त्याने ताटाकडे बघितलंच नाही.

“अहो, चौथी रेघ. मोजा ना.”

“असेल.”

“म्हणजे? तपासणार नाही?”

“आता इथे तपासण्यासारखं काही उरलं नाही,” तो म्हणाला. “कंपनीने विचारलं, या रस्त्यावर इतक्या फेऱ्या कशासाठी?”

“मग? काय सांगितलंत?”

“म्हटलं, एक काम आहे. संपत नाहीये.”

“नवी घ्या म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.”

“या बाबतीत… ते म्हणता येत नाही.”

धाकटी ॲप्रनच्या नाडीशी खेळत उभी राहिली. आतल्या पंख्याची घरघर थांबली. रस्त्यावरून एक सायकल गेली. त्याने काटा उचलला, पुन्हा ठेवला.

“तू…” तो म्हणाला.

“तू…” तीही त्याच क्षणी म्हणाली. पहिल्यांदाच. आणि दोघेही थांबले. ताटातली वाफ वर जात राहिली.

आत बाबा स्टुलावर बसले होते, हात पट्टीवर, मान किंचित कललेली.

“धाकटे,” त्यांनी हाक मारली. “झालंय ते. उतरव आता. जास्त ठेवलंस तर करपेल.”

आत्याने वाकून ग्रिलकडे बघितलं. थोरली केव्हाच विझली होती. तिच्यावर काहीच नव्हतं.

“काय उतरवायचंय?” आत्याने विचारलं.

बाबांनी कान बाहेरच्या टेबलांकडे लावला. बाहेर एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तीच खुर्ची पुन्हा सरकली, आणखी थोडी जवळ. मग बराच वेळ कसलाच आवाज आला नाही.

तेव्हा बाबांनी पट्टीवरचा हात उचलला.